कॅमेरा थांबवला की बाई नाहीशी होते. मग जादूगार कशाला हवा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. फ्रेंच चित्रपटकार जॉर्ज मेलिएस यांच्या १८९६ सालच्या चित्रफितीत खुर्चीवर बसलेली स्त्री शालीखालून नाहीशी होते. तोच प्रसंग तुम्ही महाविद्यालयाच्या लघुपटासाठी मोबाइलवर करून पाहिला. ट्रायपॉड लावला, चित्रण थांबवले, मैत्रिणीला खुर्चीवरून उठवले आणि चित्रण पुन्हा सुरू केले. तरीही पाहणारा प्रत्येक जण ‘इथे कट आहे’ हे लगेच ओळखतो. त्यावरून तुम्ही विचारता की एवढ्या साध्या युक्तीला त्या काळचे लोक भुलले ते केवळ भाबडे होते म्हणून का, आणि मेलिएस मुळात जादूगार होते याचा त्यांच्या चित्रपटांशी नेमका संबंध काय. मी रंगमंचावर जादूचे प्रयोग करतो आणि नाटकवाल्यांना, अधूनमधून चित्रपटवाल्यांनाही, ट्रिकसीन बसवून देतो. त्यामुळे पुढचे उत्तर इतिहासकाराचे नसून कारागिराचे आहे, हे लक्षात घेऊनच ते वाचावे.

माझ्या मते तुमची अडचण कॅमेऱ्याची नाहीच. कॅमेरा थांबवणे हा त्या प्रसंगातला सर्वांत सोपा भाग आहे आणि तुम्ही नेमका तेवढाच उचलला आहे. त्या क्षणाच्या आधी प्रेक्षकाची खात्री कशी पटवायची, त्या क्षणी त्याची नजर कुठे ठेवायची आणि त्यानंतर त्याला विचार करायला किती अवधी द्यायचा, हे सगळे मेलिएस यांनी रंगमंचावरून आणले होते. बाई कॅमेऱ्याने नाहीशी केली, पण ती ‘नाहीशी झाली’ असे प्रेक्षकाला वाटायला लावण्याचे काम जादूगाराने केले.

मूळ प्रयोग रंगमंचावरचा आहे. ब्युआतिए द कोल्टा या फ्रेंच जादूगाराने तो १८८६ साली आणला आणि पॅरिस व लंडन या दोन्ही शहरांत तो गाजला. जमिनीवर वर्तमानपत्र पसरायचे, त्यावर खुर्ची ठेवायची, स्त्रीला बसवून तिच्यावर रेशमी कापड पांघरायचे आणि मग कापड काढले की खुर्ची रिकामी, असा त्याचा क्रम होता. स्त्री अर्थातच खुर्चीखालच्या चोरदरवाजातून खाली जात असे. वर्तमानपत्र त्यासाठी खास तयार केलेले असे, आणि ती खाली गेल्यावरही कापडाचा आकार तसाच राहावा म्हणून आत तारेचा सांगाडा असे. मेलिएस यांना असले प्रयोग आतून माहीत होते. १८८४ मध्ये लंडनला असताना ते इजिप्शियन हॉलमधले मॅस्केलिन आणि कुक यांचे प्रयोग पाहत असत. १८८८ मध्ये त्यांनी पॅरिसमधले रोबेर-हूदँ थिएटर विकत घेतले आणि पुढची अनेक वर्षे ते चालवले. ल्युमिएर बंधूंच्या चित्रफिती त्यांनी डिसेंबर १८९५ मध्ये पाहिल्या तेव्हा ते चौतीस वर्षांचे मुरलेले जादूगार होते.

आता ती चित्रफीत नीट पाहा. मेलिएस दारातून येतात, जेआन दाल्सी यांना हाताला धरून पुढे आणतात, वर्तमानपत्र उलगडून जमिनीवर पसरतात आणि त्यावर खुर्ची ठेवतात. बाई बसतात, पंख्याने वारा घेतात. शाल पांघरली जाते, काढली जाते, आणि खुर्ची रिकामी असते. मग मेलिएस हातवारे करतात तेव्हा खुर्चीवर बाईंऐवजी हाडांचा सांगाडा येतो. तो झाकून पुन्हा शाल काढली की बाई परत येतात. दोघे वाकून अभिवादन करतात, आत जातात आणि टाळ्या घ्यायला आल्यासारखे पुन्हा बाहेर येतात. हे सारे साधारण सव्वा मिनिटात आटोपते.

यातले वर्तमानपत्र मला फार महत्त्वाचे वाटते. हे चित्रण थिएटरात झालेच नाही. पॅरिसलगतच्या माँत्रई येथील मेलिएस यांच्या मालकीच्या जागेतल्या बागेत, उघड्यावर, रंगवलेल्या पडद्यापुढे झाले. चोरदरवाजाची इथे काही गरजच नव्हती, म्हणजे वर्तमानपत्राचीही नव्हती. तरी मेलिएस ते पसरतात, कारण १८९६ सालच्या प्रेक्षकाला असे काही दिसले की त्याचा संशय आधी जमिनीवर जात असे. तो संशय त्यांनी उघडपणे आणि सावकाश निकालात काढला. प्रेक्षक ‘खाली जायची वाट नाही’ याची खात्री करून घेण्यात गुंतला आणि ज्या कॅमेऱ्यावर संशय घ्यायला हवा होता त्याकडे त्याचे लक्षच गेले नाही. आम्ही जादूगार रोज हेच करतो : प्रेक्षकाला तपासायला काहीतरी देतो, आणि ते निर्दोष असते.

म्हणून तेव्हाचे प्रेक्षक भाबडे होते, असे मी म्हणणार नाही. आपल्याला फसवले जाणार आहे हे जाणूनच ते तिकीट काढत होते; पकडता येत नाही, यातच त्यांची मजा होती. तुमच्या प्रेक्षकाचा संशय मात्र जमिनीवर जात नाही, तो सरळ एडिटिंगवर जातो. तेव्हा तुमचे ‘वर्तमानपत्र’ वेगळे असायला हवे. चित्रण अखंड चालू आहे असे भासवणारी एखादी गोष्ट फ्रेममध्ये ठेवा. मागे चालू असलेला पंखा, टिकटिकणारे घड्याळ किंवा एकाच लयीत चालू राहिलेला आवाज यासाठी उपयोगी पडतो. आवाज तर फारच, कारण तो तुम्ही स्वतंत्रपणे, न तोडता जोडू शकता आणि डोळ्यापेक्षा कान सातत्यावर लवकर विश्वास ठेवतो.

तुम्ही त्या प्रसिद्ध गोष्टीचाही उल्लेख केला आहे, की पॅरिसच्या ऑपेरा चौकात मेलिएस चित्रण करत असताना कॅमेरा मध्येच अडकला, पुन्हा सुरू झाला आणि पडद्यावर बसगाडीची शववाहिनी झालेली दिसली. ही गोष्ट मेलिएस यांनी स्वतः १९०७ मध्ये लिहिलेल्या लेखात सांगितली आहे. ती चांगली रंगते, पण इतिहासकार तिच्यावर फारसे विसंबत नाहीत. शिवाय एडिसनच्या कंपनीने १८९५ मध्येच स्कॉटलंडच्या मेरी राणीच्या शिरच्छेदाच्या चित्रफितीत कॅमेरा थांबवून माणसाच्या जागी बाहुली ठेवली होती. म्हणजे युक्ती आधीपासून होती. एका शिरच्छेदापुरती वापरून सोडून दिलेल्या गोष्टीची अख्खी भाषा करणे, हे मेलिएस यांचे काम.

आता कट दिसतो त्याबद्दल. हाताने हँडल फिरवून चालवायचा कॅमेरा जागच्या जागी थांबत नाही. वेग मंदावत असताना शेवटच्या काही फ्रेम जास्त वेळ उजेड खातात आणि पांढुरक्या पडतात. पुन्हा सुरू करतानाही तसेच होते. त्या फ्रेम तशाच ठेवल्या असत्या तर प्रत्येक जादूच्या क्षणी पडद्यावर उजेडाचा भपकारा दिसला असता. म्हणून मेलिएस त्या फ्रेम कापून टाकत आणि उरलेली दोन टोके एकमेकांना चिकटवत. उरलेल्या प्रतींचा फ्रेम-फ्रेम अभ्यास करून मेलिएस यांच्या चित्रपटांचे अभ्यासक झाक माल्तेत यांनी हे जोड दाखवून दिले, तेव्हा ‘मेलिएस फक्त कॅमेरा थांबवत असत’ या समजुतीला धक्का बसला. प्रत्यक्षात ते कुठल्या फ्रेमला कुठली फ्रेम जोडायची हे निवडत होते, आणि हात, पाय, कापड जिथे सर्वांत जास्त जुळतात तीच जागा निवडत होते. तुम्हीही चित्रण थांबवू नका. मोबाइल चालूच ठेवा, मैत्रिणीला निवांतपणे फ्रेमबाहेर जाऊ द्या, आणि योग्य फ्रेम नंतर शोधा. त्यापूर्वी फोकस आणि एक्स्पोजर कुलूपबंद करा, कारण माणूस फ्रेममधून बाहेर गेला की मोबाइल आपणहून उजेड बदलतो. तुमच्या क्लिपमधला अर्धा झटका मला त्याचाच दिसतो.

उरलेला अर्धा झटका शरीराचा आहे. जो फ्रेममध्ये राहतो त्याने कट होईपर्यंत आणि कट झाल्यावर कसे उभे राहायचे, हे बहुतेक लोक ठरवतच नाहीत. हात डोक्यावर ताणून उभे राहिले की काही सेकंदांत तो खाली येऊ लागतो. म्हणून कोपर अंगाशी ठेवावे, वजन दोन्ही पायांवर समान घ्यावे आणि नजर एका ठरलेल्या खुणेवर ठेवावी, कारण नजर सरकली की डोके सरकते आणि डोके सरकले की खांदे. फ्रेमच्या बाहेर, अगदी कडेला, खडूची खूण करून ठेवावी.

पण याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे कट स्थिर क्षणी करूच नये. तुमच्या क्लिपमध्ये शाल शांत पडलेली असताना कट आहे. तिच्याखालून माणूस निघून गेल्यावर घड्या बदलतात आणि डोळा ते टिपतो. रंगमंचावर हीच अडचण तारेच्या सांगाड्याने सोडवली होती. चित्रणात ती वेगाने सोडवता येते. शाल उडवण्याच्या झटक्यात, जेव्हा कापड अस्पष्ट झालेले असते आणि नजर हाताबरोबर वर जात असते, तेव्हा केलेला कट सहसा दिसत नाही. मोठी हालचाल लहान हालचालीला झाकते, हा हातचलाखीचा पहिला नियम आहे. नाणे लपवणारा हात कधीच एकटा हलत नाही. मेलिएस यांच्या नंतरच्या चित्रपटांत पांढऱ्या धुराचे लोट वारंवार दिसतात, तेही याच कामाचे आहेत. १९०२ च्या त्यांच्या चंद्रप्रवासाच्या चित्रपटात छत्रीचा फटका बसताच चंद्रावरचे प्राणी धूर होऊन फुटतात. तिथे फटका नजर खेचतो, धूर जोड झाकतो आणि दोन्ही मिळून विनोदही साधतात.

दुसरी युक्ती काळ्या पार्श्वभूमीची. तुमचा प्रश्न तिच्याबद्दल नाही, पण रंगमंच आणि कॅमेरा यांचे नाते तिच्यात फार स्वच्छ दिसते, म्हणून जरा थांबतो. १८८० च्या दशकात युरोपच्या रंगमंचावर ‘ब्लॅक आर्ट’ आली; आपल्याकडचे जादूगार अजून तिला याच नावाने ओळखतात. काळ्या मखमलीपुढे काळ्या कपड्यांतला मदतनीस दिसत नाही, त्यामुळे पांढऱ्या वस्तू आपोआप हवेत तरंगताना दिसतात. मेलिएस यांच्या लक्षात आले असावे की फिल्मच्या बाबतीत हे आणखी पुढे नेता येते. काळ्या मखमलीवरून उजेड परतत नाही, त्यामुळे निगेटिव्हचा तेवढा भाग कोरा राहतो. फिल्म कॅमेऱ्यात मागे गुंडाळून त्याच कोऱ्या जागेवर दुसरे चित्रण करता येते. १८९८ च्या एका चित्रफितीत ते स्वतःचे डोके काढून टेबलावर ठेवतात, खांद्यावर नवे डोके येते, तेही काढून ठेवतात, आणि शेवटी ही डोकी एकत्र गाऊ लागतात. त्यांचे गाणे असह्य झाल्यावर हातातल्या बँजोने ते दोन डोकी फोडतात. १९०० मध्ये त्यांनी सात वादकांचा वाद्यवृंद चित्रित केला आणि सातही वादक ते स्वतःच होते.

हे ऐकायला सोपे आहे. करताना मात्र हँडलच्या फेऱ्या मोजत फिल्म नेमकी तितकीच मागे न्यावी लागते, आणि शेवटच्या चित्रणात फिल्म फाटली की आधीची सगळी मेहनत तिच्याबरोबर जाते. त्याहून अवघड काम नटाचे. शेजारी कोणीच नसताना, मघाशी आपण तिथे नेमके कधी वळलो होतो हे मोजून, त्याच्याकडे पाहून हसायचे. रंगमंचावर संगीताच्या मात्रेवर हालचाली बसवायची सवय नसती तर हे जमले असते असे मला वाटत नाही.

या सगळ्यात मला सर्वांत आवडते ती १९०१ ची रबरी डोक्याची चित्रफीत. एक रसायनशास्त्रज्ञ स्वतःचेच जिवंत डोके टेबलावर ठेवतो, त्याला नळी जोडतो आणि भात्याने हवा भरतो; डोके फुगत जाते. हवा सोडली की ते लहान होते. मग मदतनीस अतिउत्साहाने हवा भरतो आणि डोके फुटते. डोके मेलिएस यांचे, शास्त्रज्ञही तेच. डोके मोठे करण्यासाठी कॅमेरा पुढे नेला असता असे कोणालाही वाटेल, पण त्यांनी उलट केले : कॅमेरा जागीच ठेवला आणि काळ्या कापडातून फक्त डोके बाहेर काढून स्वतः गाड्यावर बसून कॅमेऱ्याकडे सरकले. इथे एक बारीक गोम आहे. भिंगाच्या मध्यरेषेखालची वस्तू कॅमेऱ्याजवळ आली की फ्रेममध्ये आणखी खाली जाते. म्हणजे सपाट जमिनीवरून पुढे आले असते तर डोके फुगता फुगता टेबलाच्या आरपार खाली घसरले असते. म्हणून गाडा उतारावर ठेवला होता. जितके पुढे, तितके किंचित वर, आणि मान टेबलावरून हलत नाही. रंगमंचाच्या खालची यंत्रे, कप्प्या आणि सरकत्या फळ्या हाताळलेल्या माणसालाच असा उतार सुचतो. माँत्रईचा त्यांचा काचेचा स्टुडिओ १८९७ मध्ये बांधला गेला तोही रंगमंचासारखाच होता, आणि पुढे त्यात चोरदरवाजे आणि यंत्रांसाठी खड्डाही आला. शिवाय त्या काळच्या फिल्मला लाल रंग काळाच दिसत असे, म्हणून तिथले पडदे व सामान करड्या छटांत रंगवले जात.

मेलिएस एकटेच नव्हते. पाथे या फ्रेंच चित्रपट कंपनीत फेर्दिनाँ झेक्का आणि गास्तों वेल, आणि १९०५ पासून पॅरिसला येऊन पाथेसाठी काम करणारे स्पॅनिश सेगुंदो द शोमों हे सगळे याच वाटेने गेले. शोमों यांची १९०७ मधली जपानी कसरतपटूंची चित्रफीत जरूर पाहा. एवढासा मुलगा अख्खा मानवी मनोरा अंगावर तोलतो. प्रत्यक्षात सगळे कलाकार काळ्या कापडावर जमिनीवर लोळत आहेत आणि कॅमेरा वरून पाहतो आहे. तंत्राच्या दृष्टीने शोमों काही ठिकाणी मेलिएस यांच्यापेक्षा सरस आहेत, असे माझे मत आहे. प्रेक्षकाशी डोळे मिचकावून बोलण्याची मेलिएस यांची हातोटी मात्र त्यांच्याकडे नाही.

आपल्याकडचा दुवा दादासाहेब फाळके यांचा. त्यांना जादू येत होती आणि ‘प्रोफेसर केळफा’ या नावाने, म्हणजे स्वतःचेच आडनाव उलटे करून, ते प्रयोगही करत. चित्रपट काढण्यापूर्वी त्यांनी कुंडीत उगवणाऱ्या वाटाण्याच्या रोपाचे थोडे थोडे चित्रण करून त्याची वाढ मिनिटभरात दाखवली होती. त्यांच्या पौराणिक चित्रपटांतले चमत्कार पाहताना छायाचित्रकार आणि जादूगार हे दोघेही एकाच माणसात होते, हे विसरू नये.

आता परिस्थितीनुसार बदलणाऱ्या गोष्टी. तुमचा लघुपट मोठ्या पडद्यावर दाखवणार की मोबाइलवर, यावर बरेच अवलंबून आहे. लहान पडद्यावर घडी बदललेली दिसत नाही, मोठ्यावर दिसते. चित्रण बाहेर करणार असाल तर ढग आणि पाने तुमच्या हातात नाहीत. ढगांमुळे उजेड बदलण्याचा त्रास मेलिएस यांनाही काचेच्या स्टुडिओत होत असे. त्यामुळे पहिला प्रयत्न घरात, खिडकी झाकून, दिव्याच्या उजेडात करणे बरे. आणि तुम्हाला कट लपवायचा आहे की मिरवायचा आहे, हेही आधी ठरवा. विनोदी प्रसंगात उघड कट चालतो, किंबहुना तोच हसवतो. गंभीर प्रसंगात तो चालत नाही. लपवायचा असेल तर ही युक्ती एका प्रसंगात फार वेळा वापरू नका. मेलिएस यांच्या या चित्रफितीत प्रत्येक बदलामागे काहीतरी वेगळे घडते : बाई जाते, सांगाडा येतो, बाई परतते. तेच ते चार वेळा झाले असते तर प्रेक्षकाने तिसऱ्या वेळी जोड शोधला असता.

थोडक्यात तुमच्या क्लिपपुरते सांगायचे तर चित्रण न थांबवता करा, उजेड व फोकस कुलूपबंद करा, कट शालीच्या झटक्यात घ्या, आणि कटाआधी प्रेक्षकाला तपासायला काहीतरी द्या.

चित्रफिती पाहताना दोन गोष्टी सांभाळा. इंटरनेटवरच्या प्रती वेगवेगळ्या वेगाने चालतात. माणसे धावल्यासारखी चालत असतील तर वेग कमी करून पाहा, नाहीतर मेलिएस यांनी बसवलेली लय कळणार नाही. दुसरे, शक्यतो रंग न दिलेली प्रत निवडा. एलिझाबेथ थ्युइलिए यांच्या कार्यशाळेत अनेक स्त्रिया एकेक फ्रेम हाताने रंगवत. तो रंग देखणा असतो, पण जोड शोधताना आड येतो. १९०२ च्या चंद्रप्रवासाच्या चित्रपटाची १९९३ मध्ये बार्सिलोनाला मिळालेली आणि २०११ मध्ये दुरुस्त करून दाखवलेली रंगीत प्रत नंतर पाहा. एकेक फ्रेम पुढे सरकवत शाल उचलण्याच्या क्षणाशी थांबा आणि मेलिएस यांचा हात, पाय व मागच्या पडद्यावरची नक्षी आधीच्या व नंतरच्या फ्रेममध्ये ताडून पाहा. तुमच्या पुढच्या चित्रणासाठी शाल थोडी मोठी आणि नक्षीदार घ्या. एकरंगी कापडावर बदललेली घडी लगेच उठून दिसते, नक्षीत ती हरवून जाते.